एका घोटाचा हिशेब

माणूस दिवसभरात शेकडो वेळा गिळतो. जेवताना गिळतो, पाणी पिताना गिळतो, बोलता बोलता तोंडात जमलेली लाळ गिळतो, झोपेतही अधूनमधून गिळतो. या क्रियेची नोंद कोणी ठेवत नाही. व्यापाऱ्याच्या रोजमेळात पै-पैचा जमाखर्च लिहिला जातो; पण ज्या वाटेने आयुष्यभराचे अन्नपाणी आत गेले, त्या वाटेचा हिशेब कोणाच्याही वहीत सापडत नाही. तो मांडण्याची वेळ बहुधा पक्षाघाताचा झटका आल्यानंतरच येते. हात-पाय लुळे पडले, वाचा अडखळली, हे साऱ्यांना दिसते. घसा लुळा पडला आहे, हे मात्र कोणाला दिसत नाही आणि तेथेच घात होतो.

घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडे अगदी शेजारी शेजारी असतात. घास मागे सरकला की क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाते, त्यावरचा पडदा झुकतो, स्वरतंतू मिटतात आणि घास श्वासाच्या वाटेला चुकवून अन्ननलिकेत उतरतो. घशातील हा सारा व्यवहार सुमारे एका सेकंदात उरकतो. त्यासाठी तोंड, जीभ व घसा यांतील तिसाहून अधिक स्नायू एकमेकांच्या तालात चालावे लागतात आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाच जोड्या त्यांना हुकूम देत असतात. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की हा ताल बिघडतो. घास उशिरा सरकतो, दार वेळेवर मिटत नाही आणि जे पोटात जायचे ते फुप्फुसाकडे वळते.

हा आजार मुंबईच्या उपनगरांना परका नाही. ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत महानगरपालिकेच्या एच वॉर्डातील, म्हणजे वांद्रे-खार-सांताक्रूझ परिसरातील, सुमारे दीड लाख लोकवस्तीची घरोघरी पाहणी केली. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका येतो, असे त्यांना आढळले. रुग्णांचे सरासरी वय ६६ होते आणि दर दहा रुग्णांपैकी जवळजवळ तिघे २८ दिवसांच्या आत दगावले होते. जगभरचा अनुभव असा की झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याचा कमी-अधिक त्रास होतो. पैकी बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा महिनोन्‌महिने टिकतो.

मुलुंड पश्चिमेत धान्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका ओसवाल कुटुंबावर ही वेळ आली. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातील. घरचे कर्ते एकाहत्तर वर्षांचे, घरात व बाजारात सगळे त्यांना ‘बाबूजी’ म्हणत. तीस वर्षांचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. एका सकाळी नवकारशी पारून ते पेढीवर निघण्याच्या तयारीत असताना त्यांचा डावा हात गळाला आणि तोंड वाकडे झाले. घाबरलेल्या पत्नीने त्यांना भिंतीला टेकून बसवले आणि चमच्याने साखरपाणी पाजण्याचा प्रयत्न केला. पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळले. “आई, आता काही देऊ नका, आधी गाडी बोलवू,” असे सूनबाई म्हणाल्या. त्यांचे हे एक वाक्य त्या दिवशी फार मोलाचे ठरले. झटका आलेल्या माणसाला घरी पाणी, साखर, चहा किंवा कोणतीही गोळी तोंडाने देऊ नये, हा पहिला नियम आहे. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पाजण्या-भरवण्यात गेलेला वेळ त्याच मुदतीतून वजा होतो.

बाबूजी वेळेत रुग्णालयात पोहोचले. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, तिसऱ्या दिवशी माणसे ओळखू लागले. भेटायला आलेल्या एका आप्ताने अत्यंत प्रेमाने नारळपाण्याचे चार-पाच घोट त्यांना पाजले. बाबूजींना ठसकासुद्धा लागला नाही, म्हणून कोणाला शंका आली नाही. आवाज मात्र घरघरता, ओलसर झाला. रात्री ताप चढला आणि सकाळी उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया असल्याचे निष्पन्न झाले. खाटेच्या डोक्याशी लावलेल्या पाटीवर ‘एन.बी.एम.’ ही तीन इंग्रजी अक्षरे होती. तोंडाने काहीही द्यायचे नाही, असा त्यांचा अर्थ. पेढीवरच्या हुंडी-बिलांतले बारीक अक्षरही वाचणाऱ्या त्या घरात या तीन अक्षरांचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता आणि कोणी तो विचारलाही नव्हता. त्यापायी बाबूजींचा मुक्काम नऊ दिवसांनी लांबला.

येथे दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, बिघडलेल्या घशाला सर्वांत अवघड जाते ते पाणी. लोकांना वाटते, घास नको पण पाणी तरी चालेल. वस्तुतः पाणी पातळ असल्याने वेगाने धावते आणि उशिरा मिटणाऱ्या दारातून आत शिरते. दाट पदार्थ सावकाश सरकतो, म्हणून घशाला सावरायला अवधी मिळतो. दुसरी गोष्ट अशी की, ठसका लागणे हे शरीराचे पहारेकऱ्याचे काम आहे. पक्षाघातात अनेकांच्या घशाची संवेदनाच बोथट होते. पहारेकरी झोपलेला असतो आणि अन्न मुकाट्याने फुप्फुसात उतरते. म्हणून ‘ठसका नाही म्हणजे धोका नाही’ हा समज खोटा आहे. गिळल्यानंतर ओला झालेला आवाज, जेवताना वाढलेला श्वास, गालात साचून राहिलेला घास, जेवणानंतर वारंवार येणारा बारीक ताप आणि नकळत घटणारे वजन, या खुणांवर लक्ष ठेवावे लागते.

यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे. तोंडाने काहीही देण्यापूर्वी गिळण्याची चाचणी करायची. प्रशिक्षित परिचारिका रुग्णाला ताठ बसवून, ठरावीक मापाने थोडे थोडे पाणी देऊन ती करू शकते. चाचणीत शंका आली तर पुढची तपासणी तज्ज्ञ करतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात पक्षाघाताच्या १९ विशेष कक्षांमध्ये एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथे परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तीनच गोष्टी शिस्तीने सांभाळल्या. तीन महिन्यांनंतर त्या कक्षांतील रुग्ण मृत्यू व परावलंबन यांतून अधिक संख्येने वाचल्याचे दिसले. त्यात नवे औषध नव्हते की महागडे यंत्र नव्हते. म्हणून रुग्णालयात दाखल झाल्यावर नातेवाइकांनी नम्रपणे एवढेच विचारावे, “गिळण्याची चाचणी झाली का? तोंडाने काय द्यायचे आणि काय नाही?”

ही तपासणी व पुढचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला आपल्याकडे ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणतात आणि या नावामुळेच मोठा गैरसमज होतो. बाबूजींसाठी स्पीच थेरपिस्ट येणार असे कळताच मुलगा म्हणाला, “बोलण्याचे नंतर पाहू, आधी त्यांच्या पोटाचे पाहा.” पोटाची वाट उघडायला हीच व्यक्ती येत आहे, हे त्याला डॉक्टरांनी समजावून सांगितले. बोलणे आणि गिळणे यांची जीभ एक, घसा एक, नसाही बहुतांशी त्याच. या शास्त्राला आजचे रूप देण्यात अमेरिकेच्या जेरी लोगमन यांचा वाटा मोठा. गिळण्याच्या विकारांवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. बेरियम मिसळलेले पदार्थ भरवून क्ष-किरणांच्या चलचित्रात घास कोठे अडतो, कोठे वळतो हे पाहण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. योगायोग असा की वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, जेथे वाणी व श्रवणाच्या तज्ज्ञांना शिक्षण दिले जाते, तीही १९८३ मध्येच स्थापन झाली. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही हे शिक्षण दीर्घकाळ दिले जात आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे अशा तज्ज्ञांची नोंदणी असते. घरी येणाऱ्या थेरपिस्टची ती नोंदणी पाहून घेणे हे हिशेबी कुटुंबाला शोभणारेच आहे.

जोपर्यंत तोंडाने देता येत नाही, तोपर्यंत नाकातून पोटात नळी घालतात. मुंबईच्या रुग्णालयांत तिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राइल या इंग्रज वैद्याचे ते नाव. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी जठरातील रस तपासण्यासाठी अशी बारीक नळी वापरात आणली. नळी पाहून घरच्यांचे धैर्य खचते. ‘आता संपलेच’ असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांसाठी नळी ही तात्पुरती उचल असते. घसा सावरेपर्यंत शरीराचे भांडवल मोडू नये, एवढाच तिचा हेतू. त्रास दीर्घकाळ टिकला तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवतात. ही पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे प्रथम वापरली गेली. मात्र त्याची घाई करू नये. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा कल असा होता की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातील नळीच बरी.

नळी आली म्हणजे न्यूमोनियाचा धोका संपला, असेही नाही. तोंडातील लाळ तर गिळावीच लागते आणि अस्वच्छ तोंडातील लाळ जंतूंनी भरलेली असते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा दात, जीभ व हिरड्या ओलसर मऊ ब्रशने किंवा कापडाने स्वच्छ करणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. ‘तोंडाने काही खात नाहीत, मग दात कशाला घासायचे?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. उत्तर असे की, तोंडाने खात नाहीत म्हणूनच.

बाबूजींच्या घरी आणखी एक प्रश्न उभा राहिला आणि तो जैन घरांत उभा राहणारच. नळीतून दर दोन-अडीच तासांनी आहार द्यायचा होता. शेवटची वेळ रात्री साडेआठची होती. बाबूजींना धड बोलता येत नव्हते. पण खिडकीबाहेर अंधार झालेला पाहून त्यांनी उजव्या हाताने नळी घट्ट धरली आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती ओढून काढली. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना हे आजाराचे चाळे वाटले. पत्नीला मात्र लगेच उमगले. “अहो, चौविहारासाठी का?” असे त्यांनी विचारताच बाबूजींच्या डोळ्यांत पाणी आले.

मग घरच्यांनी डॉक्टरांसमोर आणि आहारतज्ज्ञांसमोर ही अडचण मांडली. हिशेब मांडला गेला. दिवसाला सुमारे दीड लिटर आहार-पाणी नळीतून जायचे होते. सूर्योदयानंतर पहिला आणि सूर्यास्तापूर्वी शेवटचा धरून सात वेळा प्रत्येकी २२० मिली दिले, तर १५४० मिली होतात. रक्तातील साखरेचा मेळ घालण्यासाठी इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांनी बदलल्या. रात्रीची एक गोळी तेवढी उरली. दर्शन देण्यासाठी घरी आलेल्या महासतीजींसमोर हा विषय निघाला, तेव्हा त्यांनी पच्चक्खाणातच आगार ठेवलेले असतात, याची आठवण करून दिली. मनाची समाधी ढळू नये यासाठी औषधाला तेथे जागा आहे. बाबूजींनी मान डोलावली आणि त्यानंतर नळी कधी ओढली नाही. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत अशा वेळा बसतीलच असे नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा. पण नियमाची अडचण मनात न ठेवता सांगितली, तर पुष्कळदा मार्ग निघतो आणि लपवली तर रुग्ण नळी ओढतो.

स्वयंपाकघराचा प्रश्न त्यानंतर आला. थेरपिस्टने सांगितले की आता पातळ पदार्थ दाट करून चमच्याने सुरू करायचे, ‘मधासारखे दाट’. मध हा शब्द ऐकताच घरात कुजबुज झाली. जैन घरात मध वर्ज्य. वास्तविक ते केवळ दाटपणाचे जुने माप होते, मध खाण्याचा सल्ला नव्हता. आता त्याऐवजी शून्य ते सात असे आठ पायऱ्यांचे आंतरराष्ट्रीय माप वापरले जाते. शून्य म्हणजे साधे पाणी आणि सात म्हणजे नेहमीचे जेवण. दाटपणा घरीही तपासता येतो. ठरावीक मापाच्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये द्रव भरून तो १० सेकंद गळू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचे. १ मिलीहून कमी उरला तर तो पाण्यासारखाच पातळ. १ ते ४ उरला तर किंचित दाट. ४ ते ८ उरला तर त्याहून दाट. ८ हून अधिक उरला तर चांगलाच दाट. काट्या-चमच्याच्या परीक्षाही आहेत. बारीक केलेल्या अन्नातील कण ४ मिलीमीटरहून मोठे नसावेत, म्हणजे काट्याच्या दोन दातांमधल्या फटीत मावावेत. डोळ्यांच्या अंदाजाने आयुष्यभर आमटी-कढी करणाऱ्या सासू-सुनांना आधी हे सारे विचित्र वाटले. आठ दिवसांत सूनबाईंना सिरिंजची गरज उरली नाही. कलता चमचा पाहूनच त्यांना दाटपणा कळू लागला.

दाट करण्यासाठी मिळणाऱ्या पावडरी दोन प्रकारच्या असतात. काही मक्याच्या स्टार्चच्या, तर काही झँथन गमच्या. स्टार्चने दाट केलेले पेय लाळेच्या संपर्काने पुन्हा पातळ होते. तोंडातला चमचा परत वाटीत बुडवला की वाटीतले पेयही पातळ होऊ लागते. झँथन गमचे तसे होत नाही. पण तो जिवाणूंच्या साहाय्याने साखर आंबवून तयार करतात. त्याविषयी ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारून ठरवावे. कंदमुळे न खाणाऱ्यांनी आरारूट कंदापासून होते, हे लक्षात ठेवावे. जिलेटिनच्या कॅप्सूलविषयीही आधीच विचारावे. गोळी कुटून द्यायची असेल तर त्याआधी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारणे आवश्यक आहे. काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि कुटल्या तर एकदम जास्त औषध अंगात जाते. बद्धकोष्ठासाठी घराघरात असणारा ईसबगोल अशा रुग्णाला आपल्या मनाने कधीही देऊ नये. तो घशात फुगून अडकू शकतो.

जैन स्वयंपाकघरात अडचणी आहेत, तशा सोयीही आहेत. बटाटा आणि गाजर कुस्करून देण्याचा सल्ला येथे उपयोगाचा नाही. पण मुगाचे गाळलेले कढण, दुधी भोपळ्याचे दाट सार, मऊ मोकळीक न ठेवता घोटलेली खिचडी, पातळ न ठेवलेली लापशी, केळ्याचा गर आणि घट्ट दही यांची कमतरता नाही. टाळायचे ते खाखरा, शेव, चिवडा, भुगा होणारे सर्व कोरडे पदार्थ. तसेच दुधात बुडवलेले पोहे किंवा रस्साभाजी यांसारखे पातळ व घन एकत्र असलेले पदार्थ. तोंडाला एकाच वेळी दोन वेगळे हिशेब सांभाळता येत नाहीत. भरवताना रुग्णाला ताठ बसवावे, घास लहान ठेवावा, सशक्त बाजूच्या गालात द्यावा, पहिला गिळला हे पाहिल्याशिवाय दुसरा देऊ नये, टीव्ही बंद ठेवावा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती काहींना उपयोगी पडते, काहींना अपायकारक ठरते; म्हणून ती शिकवल्याखेरीज करू नये. दाट पाणी रुचकर नसते आणि रुग्ण ते कमी पितो. तेव्हा दिवसभरात किती पाणी पोटात गेले याची नोंद ठेवावीच लागते.

तिसऱ्या आठवड्यात बाबूजींनी सारे नाकारायला सुरुवात केली. अडखळत्या शब्दांत ते म्हणाले, “बस झाले आता.” एका वयोवृद्ध नातेवाइकाने हळूच संथाऱ्याचा विषय काढला. त्या घरातील सर्वांत कठीण संध्याकाळ ती होती. संथारा हे जैन परंपरेतील अत्यंत आदराचे व्रत आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये त्याला गुन्हा ठरवले, तेव्हा देशभरातील जैन समाज मूक मोर्चांनी रस्त्यावर आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पण जे व्रत शांत चित्ताने, पूर्ण विवेकाने आणि गुरूंच्या आज्ञेने घ्यायचे, ते व्रत आणि आजाराने आलेली निराशा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. ज्याचा घसा दोन महिन्यांत सावरण्याची शक्यता आहे, त्याचे न खाणे हे तप नव्हे, ते लक्षण आहे. मुलाने त्या नातेवाइकांना हात जोडून सांगितले, “काका, बाबूजी स्वतः स्वस्थ मनाने सांगतील तेव्हा पाहू. आज त्यांचे मन आजारी आहे.” डॉक्टरांनी मनाचे औषध सुरू केले. पंधरा-वीस दिवसांनी बाबूजींनी पेढीवरचा भाव विचारला.

घसा सावरतो तो कसा, याचे उत्तर मँचेस्टरच्या शाहीन हमदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास शोधले. गिळण्याचे स्नायू मेंदूच्या दोन्ही बाजूंशी जोडलेले असतात. पण दोन्ही बाजूंचा वाटा सारखा नसतो. मोठा वाटा असलेली बाजू निकामी झाली तर गिळणे बिघडते. आणि पुढे शाबूत राहिलेली बाजू हळूहळू जास्त काम अंगावर घेते, तसे ते सुधारते. दोघांच्या नावे खाते असावे, एकाचा हात मोडावा आणि दुसऱ्याने सही करायला शिकावे, तसेच हे. शिकण्याला सराव लागतो. जिभेचे व्यायाम, जोर लावून गिळण्याचा सराव, थेरपिस्टच्या देखरेखीखाली रोज थोडे थोडे भरवणे, यांतून ती दुसरी सही पक्की होते.

अठ्ठाई किंवा मासखमण केलेल्या तपस्व्याचे पारणे कसे होते, हे प्रत्येक जैन गृहिणीला माहीत असते. पहिल्या दिवशी पक्वान्न वाढत नाहीत. मुगाचे पाणी, चमचा-चमचा, सावकाश. सातव्या आठवड्यात बाबूजींना पहिले चमचे मिळाले ते मुगाच्या दाट कढणाचे आणि त्यांच्या पत्नीने ते त्याच सबुरीने दिले. तिसऱ्या महिन्यात नळी निघाली, घोटलेली खिचडी आली. साधे पाणी मिळायला पाचवा महिना उजाडला. एका जेवणाला चाळीस मिनिटे लागत. सूनबाई दुपारचे सारे काम त्याभोवती बांधून घेत. बाबूजी पेढीवर बसू लागले, तरी स्वामीवात्सल्याच्या पंगतीत बसायला तयार होत नव्हते. घास घेताना मान वाकडी होते, ओठांतून लाळ येते, लोक पाहतात, याची त्यांना लाज वाटे. नातवाने त्यांच्या शेजारी बसून तीच घोटलेली खिचडी खाल्ली, तेव्हा ती लाज थोडी कमी झाली. खाखरा मात्र त्यांनी पुन्हा हाती घेतला नाही.

आपल्या समाजात प्रेमाचे माप आग्रहाने मोजले जाते. ‘माझ्या हातचा एक घास’ हे वाक्य नकारायला जीभ धजत नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना नारळ, फळांचा रस किंवा डबा नेला नाही, तर रिकाम्या हाताने गेल्यासारखे वाटते. घाटकोपरहून मुलुंडला, अंधेरीहून बोरिवलीला गर्दीच्या लोकलमधून डबा सांभाळत नेणाऱ्याच्या मनात केवळ मायाच असते. परंतु घसा लुळा पडलेल्या माणसाला प्रेमाने दिलेला घोटही फुप्फुसात उतरू शकतो. जीवरक्षेसाठी पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला हा विवेक कठीण नाही. भेटायला जावे, जरूर जावे. डबा घरच्यांच्या हाती द्यावा, कारण दिवसरात्र सेवा करणाऱ्या त्या सूनबाईने दुपारपासून काही खाल्लेले नसते. रुग्णाजवळ बसावे, हात हातात घ्यावा, बाजाराचे भाव सांगावेत. आणि त्याच्या ओठांना काहीही लावण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, “यांना काय चालते?”